कान, काटा आणि अंतरपाट



मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष प्रमाणाविषयी बोललो. शेवटी एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. "सर, मला घरी स्पीकर घ्यायचे आहेत. दुकानात जाऊन कानाने ऐकून घेऊ, की मोजमापांचे आलेख बघून घेऊ?" सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर वाटलं, या गृहस्थाने आपल्या तासाभराच्या व्याख्यानाचं सार एका ओळीत विचारलंय. माझा अनुभव खरा, की माझ्याबाहेरच्या यंत्राने दाखवलेला आकडा खरा? या भांडणाला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. आज तो पाहू.

आधी आमची फजिती सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला आपण मोकळे.

1984 च्या सुमाराची गोष्ट. आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात स्पीकर घ्यायला गेलो. बरोबर आमची आवडती रेकॉर्ड. दुकानदाराने आधी एक जोडी लावली, मग दुसरी. दुसरी लावताच आम्ही दोघं एकमेकांकडे बघून मान डोलावली. किती स्पष्ट! किती भरदार! महिन्याच्या पगाराहून जास्त पैसे मोजले आणि टॅक्सीत घालून जोडी घरी आणली. आठवड्याभरात लक्षात आलं की गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतोय आणि अर्ध्या तासाने डोकं दुखतंय. दुकानातली जादू कुठे गेली?

कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता वेगळी असते. ॲम्प्लिफायरचं बटण त्याच जागी ठेवलं, तरी एक जोडी दुसरीपेक्षा दोन-तीन डेसिबलने मोठी वाजते. आणि फरक एवढा थोडा असला, की पुष्कळदा आपलं मन 'हा मोठा आहे' असं म्हणत नाही, 'हा चांगला आहे' असं म्हणतं. दुकानदाराने फसवलं म्हणावं, तर त्याने एक शब्द खोटा उच्चारला नव्हता. कानाने फसवलं म्हणावं, तर कानाने होता तो फरक नेमका टिपला होता. चूक झाली ती निष्कर्षात. आम्ही अनुमान केलं आणि त्याला प्रत्यक्ष समजून घरी घेऊन आलो. हा धागा लक्षात ठेवा.

आता इतिहासाकडे. सुरुवात एडिसनपासून करू. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून सुमारे दहा वर्षं अमेरिकेत गावोगावी 'टोन टेस्ट' नावाचे कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गायिका गाते, मध्येच ओठ मिटते, आणि गाणं यंत्रातून चालूच राहतं. मग दिवे घालवायचे. अंधारात गाणं सुरू. दिवे लागतात तेव्हा गायिका रंगमंचावर नाहीच! 1916 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेला घेऊन हा प्रयोग झाला. फरक कळला नाही, असं सांगणारे श्रोते पुष्कळ होते.

आज ती रेकॉर्ड ऐकली तर आपल्याला हसू येईल. तेव्हाचं ध्वनिमुद्रण विजेशिवाय, कर्ण्यात गाऊन होत असे. खर्ज नाही, वरचे स्वर नाहीत. मग त्या लोकांचे कान काय खराब होते? मुळीच नाही. पण गायिका यंत्राच्या बेताने आवाज लावायच्या, हे पुढे त्यांच्यातल्याच काहींनी सांगितलं. आणि श्रोता जाहिरात वाचून, काय ऐकू येणार हे मनाशी ठरवूनच आलेला. शिवाय त्याने याहून चांगलं यंत्र कधी ऐकलंच नव्हतं. स्वतः एडिसनला फार कमी ऐकू यायचं. लाकडात दात रोवून, हाडांवाटे तो आवाज 'ऐकायचा', आणि कुठला कलाकार घ्यायचा हेही बराच काळ तोच ठरवायचा. एका बाजूला हजारो धडधाकट कान, दुसऱ्या बाजूला एक अधू कान. दोघांनाही आपण ऐकतोय तेच सत्य वाटत होतं.

याच सुमाराला हे भांडण आपल्या सांगलीतही चालू होतं. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. श्रुती बावीस म्हणतात, तर त्या नेमक्या कुठे आहेत हे मोजायचं, असा त्यांनी ध्यास घेतला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गायचे आणि देवल तारेची लांबी मोजून स्वराचं स्थान ठरवायचे. 1910 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्या हिशोबाने श्रुती-हार्मोनियम तयार झाली. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलीच खडाजंगी झाली. पंडित भातखंडे यांना हा हिशोब मान्य नव्हता.

बरोबर कोण, या वादात आज आपण शिरत नाही. पण देवलांची पद्धत बघा. आधी खाँसाहेबांचा गळा आणि कान, मग तार आणि पट्टी. जो गांधार गळ्याला आपसूक सापडतो, तो साध्या हार्मोनियमच्या गांधारापेक्षा सप्तकाच्या बाराशेव्या भागाच्या सुमारे चौदा पट खाली असतो. हे अंतर आकड्यात सांगायला यंत्र लागतं. पण ते अंतर महत्त्वाचं आहे हे कानानेच सांगावं लागतं. यंत्राला खटकत नाही, कानाला खटकतं.

आता एका तत्त्वज्ञाकडे येऊ. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून थोडा पक्षपात माफ करा. चार्ल्स सँडर्स पर्स. अमेरिकन तर्कज्ञ. त्याआधी जर्मनीत फेखनरने 1860 मध्ये मनोभौतिकी नावाचं शास्त्र मांडलं होतं. वजन, प्रकाश, आवाज यांत किती फरक पडला म्हणजे माणसाला तो जाणवतो, याचं मोजमाप. फेखनरची समजूत अशी की एका मर्यादेखालचा फरक जाणवतच नाही. पर्सला हे पटेना. 1884 मध्ये त्याने आणि जोसेफ जॅस्ट्रो या त्याच्या विद्यार्थ्याने बोटावरच्या दाबाचा प्रयोग केला. दाब वाढवायचा की कमी करायचा, हा क्रम पत्त्यांच्या पिसलेल्या कॅटवरून ठरवला. दाब देणारा आणि ओळखणारा यांच्यामध्ये आडपडदा. प्रत्येक उत्तराबरोबर किती खात्री आहे तेही सांगायचं, शून्य ते तीन.

निकाल असा, की जिथे खात्री शून्य होती, 'मी नुसता अंदाज ठोकतोय' असं माणूस म्हणत होता, तिथेही उत्तरं निम्म्याहून बरीच जास्त वेळा बरोबर येत होती! म्हणजे इंद्रियांना आपल्या जाणिवेपेक्षा जास्त कळतं.

हा निकाल दुधारी आहे. 'मला फरक जाणवतो, सांगता येत नाही,' असं म्हणणाऱ्या रसिकाला तो बळ देतो. पण त्याच वेळी बजावतो की बाबा रे, तुझं ते मुकं ज्ञान खरं आहे की नाही, हे कळायचं तर पत्ते पिसावे लागतील आणि मध्ये पडदा धरावा लागेल.

विसाव्या शतकात टेलिफोन कंपन्यांनी आवाजाला मोजपट्टी लावली. बेल प्रयोगशाळेतले हॅरल्ड ब्लॅक 1927 च्या ऑगस्टमध्ये फेरीबोटीतून कामावर निघाले होते. ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडला, तर यंत्र स्वतःच्या चुका स्वतःच खोडेल, ही कल्पना त्यांना बोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावर त्यांनी ती उतरवली. हाच निगेटिव्ह फीडबॅक. तिथलेच फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आपल्या जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं, ते या शोधातून आलं. गंमत बघा, या आलेखाचा कच्चा माल काय होता? माणसांनी 'आता दोन्ही सारखे वाटतात' अशी दिलेली ग्वाही. म्हणजे वस्तुनिष्ठ म्हणून भिंतीवर लावलेला आलेख हा शिस्तीत गोळा केलेल्या व्यक्तिनिष्ठ अनुभवांचाच होता.

1947 मध्ये इंग्लंडात विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर आला. डिस्टॉर्शन एक दशांश टक्का. लोकांना वाटलं, संपलं, आता आकडा पुरेसा आहे. पण संपलं नव्हतं. बीबीसीतले शॉर्टर यांनी 1950 मध्येच मांडलं होतं की सगळं डिस्टॉर्शन एकाच टक्क्यात मोजणं अपुरं आहे. मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेची भेसळ म्हणजे वरचा षड्जच. ती कानाला फारशी टोचत नाही. सातव्या-नवव्या पटीची भेसळ थोडी असली तरी टोचते. आकड्यात मात्र दोन्ही सारख्याच.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि हे खरं ठरलं. कागदावर नवे ॲम्प्लिफायर उत्तम, तरी बरेच लोक म्हणू लागले, 'आवाज कर्कश आहे.' इंजिनियर म्हणाले, जुन्याचा मोह आहे, दुसरं काय! पण दोष खरा होता. या यंत्रात लहरीचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. दोघांच्या हातबदलात, शून्यापाशी, छोटा खड्डा राहतो. पूर्ण शक्तीवर मोजलं तर मोठ्या आवाजापुढे तो खड्डा नगण्य. हळू आवाजात, म्हणजे आपण घरी रात्री ऐकतो तेव्हा, तोच खड्डा मोठा. आणि मोजमाप व्हायचं ते बहुतेक पूर्ण शक्तीवर! इथे कान बरोबर होता. आकडा खोटा नव्हता, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

मग आकड्यांनी बाजारात काय धुमाकूळ घातला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत ॲम्प्लिफायरच्या वॅटच्या फुगवलेल्या दाव्यांना आवरायला 1974 मध्ये सरकारी नियम करावा लागला. आपल्याकडे आठवतंय? टू-इन-वनवर चकचकीत लेबल असायचं: पीएमपीओ, आणि पुढे शेकडो, कधी हजारो वॅट. आत खरी ताकद पाच-दहा वॅट. त्या आकड्यामागे ठरलेलं असं मापच नव्हतं. तेव्हा आकडा दिसला की शास्त्र आलं, असं समजू नये.

या वातावरणात दोन पंथ पडले. एका बाजूला ज्युलियन हर्श यांच्यासारखे परीक्षक. यंत्र मेजावर ठेवायचं, मोजायचं, आकडे छापायचे. दुसऱ्या बाजूला 1962 मध्ये 'स्टिरिओफाइल' काढणारे गॉर्डन होल्ट आणि 1973 मध्ये 'द ॲब्सोल्यूट साउंड' काढणारे हॅरी पिअरसन. त्यांचं म्हणणं असं, की कसोटी एकच, खऱ्या जागेत, ध्वनिक्षेपकाशिवाय वाजणारं खरं संगीत. त्याच्या जवळ जातं ते चांगलं. विचार उदात्त होता, पण त्यातून एक भाषा जन्मली. आवाजाला पोत आला, रंग आला, 'हवा' आली. परीक्षकाला यंत्राचं नाव माहीत, किंमत माहीत, कुणी बनवलंय तेही माहीत.

इथे आम्हाला न्यायदर्शनाची आठवण होते. गौतमाने प्रत्यक्षाचं लक्षण सांगताना एक अट घातली आहे, की ते ज्ञान अव्यपदेश्य हवं. भाष्यकारांनी त्याची बरीच चर्चा केली आहे. एक अर्थ असा, की नावातून, शब्दातून आलेलं ज्ञान ते प्रत्यक्ष नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर स्पीकर नव्हते, पण लेबल वाचून ऐकणारा माणूस त्यांना ठाऊक होता, असं म्हणायला हरकत नाही.

1982 मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी एका उपकरणाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात 'अ' आणि 'ब' ही दोन यंत्रं, आणि 'क्ष' हे त्यांपैकीच एक, पण कोणतं ते ऐकणाऱ्याला माहीत नाही, प्रयोग घेणाऱ्यालाही नाही. ओळखा. आवाजाची पातळी आधी मोजून काटेकोर सारखी केलेली. सोळा फेऱ्यांपैकी बारा बरोबर आल्या, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास. आठ आल्या, तर नाणं उडवल्यासारखं. अशा चाचण्यांत नीट बनवलेले, मर्यादेत वाजवलेले ॲम्प्लिफायर ओळखणं फार कठीण गेलं. पंथात खळबळ माजली. 'परीक्षेच्या दडपणाखाली कान चालत नाही,' असा आक्षेप आला. त्यातही तथ्य आहे. 'ओळखता आलं नाही' याचा अर्थ 'फरक नाहीच' असा होत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. पण ज्याला पडदा नसताना स्वर्ग आणि नरक इतका फरक ऐकू येत होता, त्याला पडदा धरताच सोळात आठ मिळत असतील, तर त्याने निदान अंतर्मुख व्हायला हवं.

स्पीकरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे फरक खरोखरच मोठे असतात. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले आणि तेच स्पीकर प्रतिध्वनिरहित खोलीत सर्व बाजूंनी मोजले. 1985-86 मध्ये त्यांचे निबंध आले. पडदा धरल्यावर लोकांच्या आवडी आश्चर्य वाटावं इतक्या जुळत होत्या. आणि जे स्पीकर आवडत होते, त्यांचे आलेख सपाट आणि गुळगुळीत होते, समोरूनही आणि बाजूंनीही. 'आवड ज्याची त्याची' हे इथे फारसं खरं ठरलं नाही.

पुढे 1994 मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी चाळीस जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्यातून, एकदा डोळ्यांसमोर. ऐकणारे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच कर्मचारी. डोळ्यांना दिसताच मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घसरले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात जो खराखुरा बदल होत होता, तो पडद्याआड त्यांना कळत होता. डोळ्यांसमोर असताना तोच बदल कमी कळला. म्हणजे बघितल्याने नुसता भ्रम होत नाही, असलेलं ऐकूही कमी येतं.

आपल्याकडे लग्नात वधूवरांमध्ये अंतरपाट धरतात. मुहूर्तापर्यंत एकमेकांकडे बघायचं नाही. तसाच हा अंतरपाट. त्याने कानाचा अपमान होत नाही, उलट कानाला पहिल्यांदा एकट्याने बोलायची संधी मिळते. टूल यांच्या कामात कान आणि काटा भांडत नाहीत. कानाला पडद्याने शिस्त लावली, आणि शिस्त लागलेल्या कानाने सांगितलं की कोणता आलेख बघायचा.

पण टूल यांच्या निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो वाचताना आम्ही थोडे थबकलो. ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली होती, त्यांचे निवाडे अस्थिर होते. आज एक, उद्या दुसरं. भरवशाच्या निकालासाठी असे ऐकणारे चालत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आमची श्रवणचाचणी झाली. आम्ही जायला तयार नव्हतो. आम्हाला सगळं ऐकू येत होतं! घरचे पुटपुटतात, हल्लीच्या नाटकांतले नट तोंडातल्या तोंडात बोलतात, एवढीच काय ती तक्रार. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही दिवसातून पन्नासदा 'काय?' म्हणता." कानाची ग्वाही एकीकडे, बाहेरून मोजलेला आकडा दुसरीकडे. चाचणीचा आलेख दोन हजार हर्ट्‌झनंतर डोंगरउतारासारखा खाली गेला होता. जन्मभर रसिक म्हणून मिरवलेल्या माणसाला तो कागद बघणं सोपं नसतं. जे ऐकू येत नाही, ते ऐकू येत नाही हे ऐकू येत नाही. तिथे बाहेरचा काटाच लागतो.

यंत्र घेतलं. पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाज कानात खणखणायचा. हळूहळू सवय झाली, 'श' आणि 'स' परत आले, नातीचं बोलणं कळू लागलं. पण एका सकाळी तानपुरा लावला आणि घोटाळा झाला. षड्ज मध्येच थरथरायचा, विरायचा, परत यायचा. दुरुस्त करायला गेलो, तर यंत्र तपासून उत्तर मिळालं, "काका, यंत्र ठीक आहे. सगळी मापं बरोबर आहेत." आम्ही हट्टाने तानपुऱ्याची पेटी घेऊन गेलो आणि समोर वाजवून दाखवली. तेव्हा उलगडा झाला. कानाच्या यंत्रात शिट्टी वाजू नये म्हणून एक सोय असते. लांबलचक, स्थिर स्वर आला की तिला वाटतं, शिट्टी वाजतेय, आणि ती तो स्वर कापायला जाते. तानपुरा म्हणजे दुसरं काय, लांबलचक स्थिर स्वर! ही यंत्रं मुख्यतः बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली आणि मोजलेली. मग ती सोय बंद ठेवणारी संगीतासाठीची वेगळी जुळणी करून दिली. आता तानपुरा पुष्कळसा तानपुऱ्यासारखा वाटतो. पूर्वीइतका नाही. तो आता यायचा नाही.

चिठ्ठी लिहिणाऱ्या श्रोत्याला आमचं सांगणं एवढंच. आधी आलेख बघा, भरवशाच्या माणसाने मोजलेला, समोरून आणि बाजूंनी. त्यातून दहातले सात आपोआप गळतील. उरलेले तीन ऐका, पण आवाजाची पातळी सारखी करून. मोबाइलवरचा साधा मापकही नसण्यापेक्षा बरा. कुणाला तरी बटण बदलायला सांगा, तुम्ही डोळे मिटा. मग शक्य असेल तर घरी आणून आठवडाभर ऐका, कारण खर्जाचा निम्मा निकाल तुमची खोलीच लावते. आणि तरीही काही खटकलं, तर 'मापं बरोबर आहेत' या उत्तरावर गप्प बसू नका. तानपुऱ्याची पेटी घेऊन जा.

आणि वय झालं असेल, तर स्पीकरच्या आधी कान तपासून घ्या. आम्ही उशीर केला.

वेळ झाली. इथे थांबतो. चिठ्ठ्या पाठवा, आता त्या वाचून दाखवल्या तर आम्हाला ऐकू येतात.